सावलीचा हिशेब

मराठी घरात कॉफी ही पाहुण्यांची. घरच्यांना चहा, आणि व्याही आले, डॉक्टर आले किंवा मुलगी बघायला मंडळी आली की कॉफी. तीही दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली. तिच्यात कॉफी किती आणि जायफळ किती, हे विचारण्याचा प्रघात नव्हता. कॉफीच्या बियांना आपल्या जुन्या भाषेत 'बुंद' असा छान शब्द आहे, तोही आता बहुधा कोशातच उरला असावा.

त्यामुळे पुण्या-मुंबईच्या दुकानांत हल्ली कॉफीची जी पाकिटे दिसतात, ती पाहून माझ्या पिढीचा माणूस थोडा बावचळतो. पाव किलोच्या पाकिटाला पाचशे-सहाशे रुपये. त्यावर मळ्याचे नाव, तो समुद्रसपाटीपासून किती मीटर उंचीवर आहे, झाडाची जात कोणती, फळ कसे वाळवले आणि चवीत संत्रे, गूळ, बदाम यांपैकी काय काय सापडेल, हे सारे छापलेले असते. माझ्या सुनेने आणलेल्या अशाच एका पाकिटावर अगदी खालच्या कोपऱ्यात, बारीक टाइपात 'शेड ग्रोन' असे दोन शब्द होते. सावलीत वाढवलेली. संत्रे आणि गूळ ठळक अक्षरांत आणि सावली बारीक, हा क्रम मला उलटा वाटला. त्या पाकिटातली सर्वांत महाग वस्तू सावली आहे, आणि तिचे पैसे कोणी कोणाला देत नाही.

हे मी कादंबरीकार म्हणून लिहीत नाही, बँकवाला म्हणून लिहितो आहे. १९९२ ते १९९५ अशी तीन वर्षे मी कर्नाटकात चिकमगळूर जिल्ह्यातल्या एका शाखेत शेतीकर्जे पाहत होतो. लहानपण गडहिंग्लजला गेल्यामुळे कानडी कानावरून गेलेले होते, त्या जोरावर ही बदली माझ्या वाट्याला आली. नोकरीतल्या साऱ्या बदल्यांत ही एकच अशी, जी रद्द करून घ्या म्हणून घरातून लकडा लागला नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथे कॉफीचा मळा दिसतच नाही. जंगल दिसते. मुळ्ळयनगिरी हे कर्नाटकातले सर्वांत उंच शिखर या जिल्ह्यात आहे, आणि त्याच्याच शेजारी बाबा बुडनगिरीचे डोंगर. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी साधूने येमेनहून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि इथे पेरल्या, अशी आख्यायिका आहे. सात बियांतल्या किती उगवल्या याचा हिशेब आख्यायिकेत नाही, पण देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी आज कर्नाटकात होते. (आपल्याकडे मेळघाटात, चिखलदऱ्यालाही ती होते, पण अगदीच थोडी.) रस्त्यावरून पाहिले तर वर फणस, उंबर, शिसम, ऐन, नाणा यांची गर्दी, त्यांच्या बुंध्यांवर चढलेले मिऱ्याचे वेल, आणि खाली माणसाच्या उंचीची, गडद चकचकीत पानांची झुडपे. ही खालची झुडपे म्हणजे कॉफी. वरच्या झाडांच्या आणि झुडपांच्या मधल्या थरात आपला पांगारा, मुद्दाम लावलेला. पावसाळ्याच्या तोंडावर माणसे उंच झाडांवर चढून फांद्या विरळ करतात, म्हणजे ढगाळ दिवसांत खाली उजेड पोचेल. हे काम मी खाली उभा राहून पाहिले आहे. चढणाऱ्याच्या कमरेला कोयता असे आणि बऱ्याचदा दोर नसे.

जगात सगळीकडे अशी कॉफी होत नाही. ब्राझीलमध्ये उघड्या उन्हात रांगांनी लावलेली आणि यंत्राने झोडपून काढलेली कॉफी आहे, आणि तिचे एकरी उत्पन्न आपल्याहून कितीतरी जास्त. मग आपली मंडळी झाडे का ठेवतात? आपल्याकडचा उन्हाळा आणि आपल्याकडचा पाऊस, दोन्ही टोकाचे. सावलीमुळे एप्रिलचे ऊन झुडपाला भाजत नाही आणि जुलैचा पाऊस मातीवर थेट आदळत नाही. पडलेल्या पानांचे खत होते. शिवाय अरेबिका जातीच्या खोडाला एक किडा लागतो, पांढरा खोडकिडा. त्याची मादी ऊन पडलेल्या खोडाच्या सालीतल्या भेगांत अंडी घालते, अळी खोड पोखरते, आणि मग झाड उपटून जाळण्यावाचून इलाज राहत नाही. बाग उघडी पडली की हा किडा वाढतो. आणि चवीचे म्हणाल तर थंडाव्यात फळ हळूहळू पिकते आणि बी घट्ट भरते. पाकिटावरचे ते संत्रे आणि तो गूळ येतो बराचसा या संथपणातून.

आता बँकेचा हिशेब सांगतो. तेव्हा कॉफीची विक्री बागायतदाराच्या हातात नव्हती. १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्ड आले होते. घरच्यापुरती ठेवून बाकी सारी कॉफी बोर्डाच्या 'पूल'मध्ये घालायची, बोर्ड लिलाव करणार आणि पैसे हप्त्याहप्त्याने येणार. कोणत्या मळ्याची कॉफी कोणती, हे त्या राशीत हरवून जाई. आम्ही बँकवाले त्या हप्त्यांवर नजर ठेवून कर्ज देत असू. मळ्याचे मूल्यांकन करण्याचा एक छापील तक्ता होता. जमीन किती एकर, झुडपे किती वर्षांची, घर, गोदाम, खळे, पंप. वरच्या झाडांसाठी रकाना नव्हता. मिऱ्याचा वेल चढला असेल तर वेलाची किंमत धरायची, तो ज्यावर चढला आहे त्या झाडाची नाही. फार तर 'इतर' या सदरात लाकडाचा अंदाज लिहायचा. म्हणजे झाडाची किंमत करायची, तर ते तोडलेले आहे असे धरूनच करता येत होती.

माझ्या कर्जदारांत बावीस एकरांचे एक बागायतदार होते. तिथे मालकाला 'यजमान' म्हणतात. मराठी कानाला ते ऐकून गंमत वाटते, कारण मजूर बायका सर्रास "आमचे यजमान" म्हणत. हे यजमान वयाने माझ्या वडिलांएवढे. तक्ता भरताना मला एकदा म्हणाले, "साहेब, हे उंबराचं झाड माझ्या आजोबांच्या आधीचं आहे. याला तुमच्या कागदावर काहीच नाही?" मी नाही म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, "बरं आहे, मग त्यावर जप्तीही येणार नाही."

मी तिथे रुजू झालो तेव्हा भाव पडलेले होते. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत मोडली आणि जगभर कॉफी स्वस्त झाली होती. मग १९९४ च्या जून-जुलैत ब्राझीलमध्ये हिमकडाका पडून तिथल्या बागा करपल्या आणि आमच्या शाखेतल्या ठेवी अचानक वाढल्या. नेमक्या त्याच वर्षांत पूलचे बंधन टप्प्याटप्प्याने सैल होत होते, आणि १९९६ पर्यंत बागायतदार आपली कॉफी विकायला पूर्ण मोकळा झाला. चार पैसे हातात, बाजार मोकळा, तेव्हा अधिक पिकवावे असे कोणाला वाटणार नाही? काहींनी सावली विरळ केली. मग २००१-०२ च्या सुमाराला भाव कित्येक दशकांतल्या नीचांकावर आले आणि कर्जे थकली. त्या पडत्या काळात कितीतरी घरे तगली ती मिऱ्यावर आणि सिल्व्हर ओकवर.

हा सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भराभर आणि सरळ वाढतो, मिऱ्याच्या वेलाला उत्तम आधार देतो आणि त्याचे लाकूड विकले जाते. सावली तोही देतो. पण मुख्य गोष्ट अशी, की तो तोडायला सहसा कोणाची परवानगी लागत नाही. कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. फणस, उंबर, ऐन यांसारखे देशी झाड स्वतःच्या जमिनीवरचे असले तरी तोडण्यापूर्वी वनखात्याकडे अर्ज करावा लागतो. सिल्व्हर ओकला सूट आहे. कायद्याचा हेतू चांगला, पण शेतकऱ्याच्या घरात त्याचा अर्थ वेगळा निघतो. एक झाड म्हणजे अडीअडचणीला मोडता येईल अशी ठेव, आणि दुसरे म्हणजे ज्याला हात लावता येत नाही असे लोढणे. मुलीचे लग्न किंवा ऑपरेशन निघाल्यावर कोणते झाड उपयोगी पडेल, हे ज्याला कळते तो पुढच्या वेळी कोणते रोप लावील? कोडगूच्या मळ्यांवर झालेल्या अभ्यासांतही हेच दिसून आले आहे की देशी झाडांची जागा हळूहळू सिल्व्हर ओक घेतो आहे. यात बागायतदाराला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही सिल्व्हर ओकच लावला असता.

गेल्या वर्षी जानेवारीत मी त्या मळ्यावर पुन्हा गेलो. यजमान आता नाहीत. त्यांचा धाकटा मुलगा बंगळुरूची संगणकातली नोकरी सोडून मळा पाहतो, आणि पाकिटात जाते तसली, 'स्पेशालिटी' म्हणवणारी कॉफी करतो. तो आग्रहाने चार दिवस ठेवून घेणारा माणूस, आणि मीही निवृत्त. त्यामुळे सारे काम पाहायला मिळाले.

कॉफीची फळे एका फांदीवरही एकदम पिकत नाहीत. साधी कॉफी करायची तर फांदी ओरबाडून हिरवे, पिवळे, लाल सारे एकत्र घेतात. ही चांगली कॉफी करायची तर फक्त पूर्ण लाल झालेले फळ टिपायचे, आणि दहा-बारा दिवसांनी त्याच झुडपाकडे पुन्हा यायचे. असे तीन-चार फेरे. इथे एक मेख आहे. तोडणीची मजुरी सगळीकडे किलोवर असते. किलोवर मजुरी घेणारी बाई लाल फळ निवडत बसली तर तिची चूल कशी पेटायची? म्हणून या मुलाने निवडून तोडणीला रोजावर पैसे द्यायला सुरुवात केली, शिवाय वर थोडे. शेजारचे बागायतदार त्याच्यावर रागावले, मजुरी बिघडवतो म्हणून. मजूर तर मिळत नाहीतच. आजूबाजूच्या गावांतली तरुण पोरे बंगळुरूला गेली. आता आसामकडून आलेली कुटुंबे तोडणीला असतात. त्यांना कानडी येत नाही आणि मुकादमाला त्यांची भाषा येत नाही, सगळा व्यवहार मोडक्या हिंदीत. तिथल्या एका बाईने मला कोणते फळ पिकले आहे ते ओळखायला शिकवले. अंगठा आणि बोट यांत धरून हलके पिळले की फळ आपण होऊन सुटते. सुटले नाही तर ते उद्याचे.

संध्याकाळी फळे हौदात टाकतात. किडलेली, पोकळ फळे तरंगतात, ती काढून टाकायची. उरलेली त्याच रात्री पल्परमधून काढून वरची साल वेगळी करायची. आत दोन बिया असतात आणि त्यांवर बुळबुळीत गराचा थर. तो सुटावा म्हणून बिया टाकीत आंबवत ठेवायच्या, थंडीप्रमाणे चोवीस ते छत्तीस तास. किती वेळ ठेवायच्या हे सारे कौशल्य. मुलाजवळ आम्लता मोजायचे यंत्र आहे, पण रात्री दोन वाजता तो टाकीत हात घालतो आणि बिया मुठीत चोळतो. निसरड्या लागल्या तर अजून वेळ आहे, वाळूतल्या खड्यांसारख्या करकरल्या की झाले. इडलीचे पीठ फुगले की उतू जायच्या आत आवरणाऱ्या बायकांना हे लगेच कळेल. दोन-तीन तास उशीर झाला तर व्हिनेगरसारखा आंबूस वास धरतो आणि तो वास मग भाजूनही जात नाही.

धुतलेल्या बिया जाळीच्या उंच मंचांवर पातळ पसरतात. दिवसभर हाताने खालीवर करायच्या, दव पडायच्या आत झाकायच्या, आणि ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आला की थांबायचे. काही फळे तो साल न काढता तशीच वाळवतो, त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. सहा किलो फळांतून शेवटी जेमतेम एक किलो बी हातात येते. आणि या सगळ्याच्या डोक्यावर पाऊस. पूर्वी डिसेंबर-जानेवारी कोरडे धरायचे. २०२१ च्या नोव्हेंबरात ऐन तोडणीत पाऊस कोसळला आणि झाडावरची फळे फुटली, खळ्यावरची कुजली. आंबवण्याचे सांडपाणी ओढ्यात सोडले तर मासे मरतात, म्हणून तो ते खड्ड्यात चुन्याने निवळून बागेला देतो. त्यालाही खर्च येतो. आणि एवढे करून त्याच्या पिकातला फार तर तिसरा हिस्सा या दर्जात बसतो. बाकीचा नेहमीच्या व्यापाऱ्याकडे, नेहमीच्या भावाने.

दर्जा ठरतो गुणांवर. चव घेणारे तज्ज्ञ शंभरपैकी गुण देतात. ऐंशी आणि वर म्हणजे स्पेशालिटी. हा शब्द रूढ केला तो अमेरिकेतल्या कॉफीच्या व्यापारातल्या एर्ना नुटसेन या बाईंनी, १९७४ मध्ये. त्यांच्या मनात आशय असा होता, की विशिष्ट जागेच्या विशिष्ट हवेतून विशिष्ट चव येते. मला यात मोठी गंमत वाटते. त्या जागेची ती हवा तयार कोण करते? बावीस एकरांवर ऊन किती यायचे आणि दव किती टिकायचे हे ठरवणारे तर ते उंबर आणि ते फणस. पण गुणपत्रिकेत वासाला गुण आहेत, आंबटपणाला आहेत, गोडीला आहेत, घोट गिळल्यावर मागे काय उरते त्यालाही आहेत. झाडांना नाहीत. सिल्व्हर ओकखालची कॉफीही ऐंशीच्या वर जाऊ शकते. तेव्हा चांगल्या चवीला चांगला भाव मिळाला की जंगल आपोआप वाचेल, हे जे सध्या गृहीत धरले जाते ते मला पटत नाही.

वाचक म्हणतील, आम्ही पाकिटाला सहाशे रुपये देतो, आणखी काय हवे? बँकवाल्याची खोड म्हणून एक गणित मांडतो. कॉफीच्या दुकानात एका कपाला साधारण अठरा ग्रॅम पूड लागते. म्हणजे किलोत पंचावन्न कप. कप अडीचशेला धरला तर किलोचे तेरा हजार सातशे पन्नास रुपये झाले. यजमानांच्या मुलाला किलोमागे काय मिळते तो आकडा त्याने मला सांगितला आणि छापू नका म्हणाला, कारण पुढच्या हंगामात त्याला त्याच गिऱ्हाइकाला विकायचे आहे. तो आकडा तेरा हजारांच्या जवळपासही नाही. मी दुकानदाराला लुटारू म्हणत नाही. जागेचे भाडे, यंत्र, दूध, पोरांचे पगार हे मला दिसते. एवढेच दिसते, की त्या बिलात सगळ्यांचा वाटा आहे, आणि फणसाचा नाही.

सावलीला पैसे देण्याचे प्रयत्न झालेले नाहीत असे नाही. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे पक्ष्यांच्या नावाने एक प्रमाणपत्र आहे. त्याला किमान ४० टक्के सावली आणि किमान १० जातींची झाडे लागतात. तिथे प्रश्न विचारला जातो तो नेमका हवा तोच, की सावली कोणाची? पण तपासणीचा खर्च आणि कागदपत्रे बावीस एकरवाल्याला जड जातात, आणि आपल्याकडचे शंभरातले अठ्ठ्याण्णवहून अधिक कॉफी-शेतकरी पंचवीस एकरांच्या आतले आहेत. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला, की २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची कॉफी युरोपात चालणार नाही. त्याची अंमलबजावणी पुढे पुढे ढकलली गेली आहे. आपली बरीच कॉफी युरोपातच जाते, म्हणून बागायतदार धास्तावले आहेत. परंतु हा कायदाही जंगल तोडून मळा केला का एवढेच विचारतो. मळ्यातली पन्नास जातींची झाडे जाऊन एकाच जातीची आली, तर त्याला काही म्हणायचे नाही.

माझ्या मते हे काम आपल्याकडेच, दोन ठिकाणी व्हायला हवे. एक, शेतकऱ्याने स्वतः लावलेल्या देशी झाडाची नोंद करून घ्यावी आणि पुढे ते तोडायची परवानगी सिल्व्हर ओकइतकीच सोपी ठेवावी. ऐकायला हे उफराटे वाटेल, पण जे तोडता येते ते माणूस लावतो. जुन्या झाडांना हात लावायचा नाही, ते बंधन आहे तसे राहू द्या. दुसरे काम बँकांचे. त्या तक्त्यात एक रकाना वाढवा. एकरी किती देशी झाडे उभी आहेत ते मोजा, आणि त्यावर व्याजात अर्धा टक्का सूट द्या. पाचशे-सहाशे झाडे मोजायला एका शेती-अधिकाऱ्याला दोन दिवस लागतात, मी सांगतो. हा बँकेने करायचा धर्मादाय नव्हे. सावली असलेल्या मळ्याचे पीक एका वाईट उन्हाळ्यात किंवा खोडकिड्याच्या एका साथीत बुडण्याचा धोका कमी, म्हणजे कर्ज बुडण्याचाही कमी. शिवाय तुंगा आणि भद्रा या दोन्ही नद्या याच जिल्ह्यातल्या डोंगरांत उगम पावतात आणि पुढे तुंगभद्रा होऊन आपल्या कृष्णेला मिळतात. ते डोंगर उघडे पडले तर ते नुसते कॉफीवाल्यांचे दुखणे राहणार नाही.

आणि पाकीट घेणाऱ्याने दुकानात विचारायला काय हरकत आहे, की ही सावली कोणत्या झाडांची? मी विचारले. काउंटरवरचा मुलगा गोंधळला, आत जाऊन आला, आणि म्हणाला, "काका, नोट्समध्ये ऑरेंज आहे." पण दहा जणांनी विचारले तर तो वर विचारील, आणि वरचा मळ्यावर फोन करील.

२०२४ आणि २०२५ मध्ये जगात कॉफीचे भाव विक्रमी चढले, कारण ब्राझील आणि व्हिएतनाममधले दुष्काळ. चिकमगळूरला पुन्हा पैसा आला, आणि त्याबरोबर बाग उघडी करून चार पोती जास्त काढण्याचा जुना मोहही. यजमानांच्या मुलाने आपल्या सगळ्या देशी झाडांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले आहेत. आजोबांच्या आधीचा तो उंबर १ नंबरचा. लाकडाचा व्यापारी मी तिथे असतानाच येऊन गेला. परवानगीचे कागद मी बघतो, तुम्ही फक्त हो म्हणा, असे त्याचे म्हणणे. मुलगा नाही म्हणाला. त्यावर व्यापारी चहा पिऊन उठला आणि फेब्रुवारीअखेर पुन्हा येतो म्हणून सांगून गेला. तोडणी तेव्हा संपलेली असते, कॉफीचे पैसे आलेले नसतात, आणि मजुरांचा हिशेब द्यायचा असतो.